ऋणनिर्देशातलं नाव

आभार मानायचे म्हटले की सरिता देवस्थळीच्या अंगात यायचं. जर्मनीतल्या मराठी मंडळाचा गणपती असो की कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, शेवटचा मान तिचा. मग मखर करणाऱ्यांपासून हॉलची किल्ली देणाऱ्या हाउसमाइस्टरपर्यंत एकही माणूस तिच्या तावडीतून सुटायचा नाही. लोक घड्याळाकडे बघायचे, मुलं बूट घालून दारात उभी राहायची, पण सरिताचं चालूच. माणसाचं चारचौघांत नाव घेतलं की तो जन्मभर आपला होतो, असं तिच्या वडिलांचं म्हणणं, आणि वडील पुण्यात एका व्याख्यानमालेचे जन्मभराचे कार्यवाह. तेव्हा हे रक्तातच होतं म्हणा.

तिचं पुस्तक तयार झालं तेव्हा त्यातला ऋणनिर्देश चार पानांचा होता. पुस्तक इंग्रजीत आणि विषय रुक्ष: उत्तर रशियातल्या अल्पसंख्य भाषा, त्यांच्या शाळा आणि त्या शाळांवर चालणारा सरकारी कारभार. असलं पुस्तक जगात मोजकी माणसं वाचतात आणि त्यातली निम्मी फक्त संदर्भसूचीत आपलं नाव आहे का ते बघून मिटून ठेवतात.

सरिता रशियन शिकली होती पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तीही अशा काळात जेव्हा ती भाषा शिकून नोकरी मिळेल असं कुणालाच वाटेनासं झालं होतं. लग्नानंतर ती जर्मनीत र्युसेल्सहाइमला आली. नवरा चारुदत्त गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. ही आता घर सांभाळेल असं ज्यांना वाटलं त्यांना सरिता माहीत नव्हती. मुलगी अपूर्वा शाळेत जायला लागली तशी हिनं फ्रँकफुर्टच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. केली आणि तिथंच चिकटली. चिकटली म्हणजे जर्मन पद्धतीनं, दोन-दोन वर्षांच्या फेरट्रागवर. दर दुसऱ्या वर्षी करार संपायचा आणि सरिताची झोप उडायची.

संस्थेच्या प्रमुख प्रोफेसर हाइड्रून लेंत्स. त्यांचा स्वतःचा अभ्यास नॉर्वेतल्या सामी शाळांचा, रशियन त्यांना येत नव्हतं. हस्तलिखित वाचून त्या म्हणाल्या, "फ्राउ देवस्थळी, ऋणनिर्देश फार प्रेमळ आहे. पण गावातली माणसं काढा. आत तुम्ही त्यांना शिक्षक एक, शिक्षक दोन म्हणता आणि इथं बापाच्या नावासकट ओळख करून देता?"

सरितानं मान डोलावली आणि नावं काढली. काढताना जीव तुटत होता, पण काढली. आणि मग शेवटचं प्रूफ आलं तेव्हा, ऑफिसातून घरी येताना एस-बान लोकलमध्ये बसल्या बसल्या, तिनं एक नाव परत घातलं. एकच. गालिना स्तेपानोव्हनाचं.

एका नावानं काय होतंय, असं तिला वाटलं.

गालिना स्तेपानोव्हना ही उस्त-लोया नावाच्या नदीकाठच्या गावातली शिक्षिका. गाव कोमी लोकांचं, शाळा सरकारी, आणि ही त्या शाळेत मुलांना कोमी भाषा शिकवायची. २०१७ च्या हिवाळ्यात सरिता मुलाखती घ्यायला तिथं गेली. गावात उतरायला जागा नव्हती, म्हणून गालिनानं तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, लेकीसारखं. सकाळी उठायच्या आत चूल पेटलेली, टेबलावर मासे भरून भाजलेला पाव, आणि "सरितोच्का, हे मोजे घाल, ते तुझे जर्मन मोजे फेकून दे." संध्याकाळी शेजारची नीना यायची. नीना गावाच्या वाचनालयात होती. दोघींची शाळेपासूनची मैत्री, नदीपलीकडं एकत्र रानबेरी वेचायला जाणाऱ्या. नीना बोलायची कमी, विणायची जास्त.

अशाच एका संध्याकाळी गालिनानं बसची गोष्ट सांगितली. त्या वर्षी वरून हुकूम आला होता की मातृभाषा शिकायची की नाही हे पालकांच्या मर्जीवर. मुख्याध्यापकानं मनाई वगैरे काही केली नाही. त्यानं पालकांची सभा घेतली, सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं की निवड अगदी तुमची. फक्त कोमीचा तास यापुढं शेवटी होईल, आणि लांबच्या पाड्यांवर जाणारी शाळेची बस त्याच्या आधी सुटेल. बस्स. एवढंच. उणे तीसमध्ये पोराला जंगलातून चालत घरी कोण आई पाठवील? सगळ्यांनी रशियनसाठी हात वर केले. कागदोपत्री गावानं आपखुशीनं आपली भाषा सोडली.

"हे माझ्याकडून कळलं असं व्हायला नको हं," गालिना म्हणाली. सरितानं छातीवर हात ठेवून शब्द दिला. नीनानं विणकामातून मान वर केली आणि परत खाली घातली.

ही बस म्हणजे सरिताच्या पुस्तकाचा जीव होता. चौथं प्रकरण त्यावरच उभं होतं. त्यात गोष्ट सांगणारी व्यक्ती 'शिक्षक क्रमांक चार' होती, गावाला नाव नव्हतं, नदीचं नावसुद्धा बदललं होतं. सगळं अगदी नियमाप्रमाणं. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांत, ऋणनिर्देशाच्या शेवटी, सरिताला स्वतःलाच फार आवडलेलं एक वाक्य होतं: उस्त-लोयाच्या गालिना स्तेपानोव्हना यांच्या स्वयंपाकघरात बसून मला कळलं की एक साधी बस काय करू शकते, त्यांच्या ऋणात राहणंच मी पसंत करते.

इंग्रजीत ते जरा अवघडल्यासारखं वाटत होतं, पण तिला चाललं. हे वाक्य लिहिणाऱ्या बाईनं संशोधनातल्या गोपनीयतेवर विद्यार्थ्यांना व्याख्यानं दिली होती. शहाणी माणसं चुका करतात त्या अशाच, आपल्या शहाणपणाच्या ऐन मधोमध.

पुस्तक आलं. सरितानं पहिल्या प्रतींतली एक उस्त-लोयाला पाठवली, त्या पानात लाल रेशमी फीत घालून. गालिनाचा फोन आला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. इंग्रजी येत नव्हतं तिला, पण लॅटिन अक्षरांतलं आपलं नाव तिनं ओळखलं होतं. "काय लिहिलंयस गं?" तिनं विचारलं. "तुमचं घर, तुमचं स्वयंपाकघर, तुमचे उपकार," सरिता म्हणाली. बसचा उल्लेख तिनं केला नाही. केला नाही म्हणजे लपवला नाही, तेव्हा तिला तो महत्त्वाचा वाटलाच नाही. गालिनानं ते पुस्तक त्या पानावर उघडून शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवलं, करंडक आणि जुने झेंडे ठेवतात त्या कपाटात. इकडे कोथरूडमध्ये सरिताच्या सासूबाई मनोरमाबाईंनीही आपलं नाव असलेल्या पानाचा फोटो अख्ख्या सोसायटीला पाठवला होता. तेव्हा हसायचं कुणाला?

पुढच्या ऑगस्टमध्ये कोमी प्रांताच्या राजधानीतल्या, सिक्तिफ्कारच्या विद्यापीठातल्या एका ओळखीच्या प्राध्यापिकेचा मेसेज आला. तिला वाटलं होतं सरिताला केव्हाच कळलं असेल. मुख्याध्यापकानं कपाटातलं पुस्तक काढून इंग्रजीच्या शिक्षकाकडून वाचून घेतलं होतं. आधी ते उघडं पान, मग बस शोधत शोधत चौथं प्रकरण. जानेवारीतच गालिनाला सांगण्यात आलं की कोमीचे तास आता उरलेले नाहीत आणि तुमचं वयही झालंय. बसची गोष्ट तिनं बाहेर सांगितली एवढं ऐकवलं, ती कुठून कळली ते मात्र सांगितलं नाही. पुस्तकही कपाटात होतं तसं परत ठेवलं.

सरिता ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसून राहिली. बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं.

घरी आल्यावर तिनं चारुदत्तला सांगितलं. तो डबा घासत होता. त्यानं नळ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे पार्ट खराब निघाला तर रिकॉल काढतात," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "पण ते कंपनी काढते गं. पार्ट बसवणारा स्वतः उठून सांगत नाही. फेरट्रागचं कधी आहे?"

"नोव्हेंबरमध्ये."

"आल्झो, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत गप्प बस. मग ऑनलाइन कॉपीतून ते पान काढायला सांग. आत्ता सांगितलंस तर लेंत्सबाई विचारणार, का काढायचं? तू त्यांनी काढायला सांगितलेलं नाव परत घातलंयस, सरिता. त्यांना न सांगता."

"आणि गालिना?"

"तिची नोकरी तर गेलीच ना. आता सांगून परत येणार आहे का?"

चारुदत्त वाईट माणूस नाही. घरच्यांसाठी माणूस जो हिशेब करतो तोच त्यानं केला. लाजेची गोष्ट ही की ते ऐकून सरिताला बरं वाटलं. कुणीतरी दुसऱ्यानं म्हटलं की बरं असतं.

पण गालिना ऑक्टोबरमध्ये येणार होती. संस्थेच्या परिसंवादात प्रत्यक्ष वर्गात शिकवणारं कुणीतरी हवं, असा आग्रह सरितानंच वसंतात धरला होता. आमंत्रण गेलं होतं, व्हिसा झाला होता, तिकीट निघालं होतं. आणि हॉटेलात कशाला, माझ्याच घरी उतरा, हेही सरिताच म्हणाली होती.

गालिना आली ती पिवळ्या रानबेरींच्या मुरंब्याच्या बरण्या आणि घरात असतील तेवढ्या पायांसाठी लोकरी मोजे घेऊन. विमानतळावर तिनं सरिताला इतकं घट्ट धरलं की सरिताला श्वास घेता येईना. मनोरमाबाई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या होत्या. दोघी म्हाताऱ्यांची एकही भाषा सारखी नव्हती, पण संध्याकाळपर्यंत एक पोळ्या लाटत होती आणि दुसरी भाजत होती. अपूर्वा मोबाइलवर दोघींचा व्हिडिओ काढत "सूऽस" म्हणत होती, म्हणजे किती गोड.

जेवताना गालिनानं स्वतःच विषय काढला. "सरितोच्का, मी तुला पत्रात लिहिलं नाही. माझी शाळा गेली." आणि मग ती सरितानं भाषांतर करावं म्हणून थांबली. टेबलावर सगळे बघत होते.

सरितानं मराठीत सांगितलं. मनोरमाबाईंनी चक् चक् केलं.

"मुख्याध्यापकाला कळलं," गालिना म्हणाली, "की बसचं मीच तुला सांगितलं. आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण तिघीच होतो. तू, मी आणि नीना. नीनाच्या वाचनालयाला या वर्षी खोल्या तापवायची नवी भट्टी बसली. छपरालासुद्धा पैसे मिळाले. कशाचे मिळाले? मी तिच्याशी बोलत नाही आता. तिच्या बाजूच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही."

सरिताच्या हातातला घास हातातच राहिला. नोकरीचं तिला माहीत होतं. नीनाचं माहीत नव्हतं.

"काय म्हणतायत?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"मैत्रिणीनं चुगली केली म्हणतात," सरिता म्हणाली. आता ते वाक्य मराठीत तिच्याही जिभेवरून गेलं होतं.

"त्या मैत्रिणीला विचारलं का यांनी? का परस्परच ठरवून टाकलं?"

"अहो आई, जेवू द्या ना त्यांना," चारुदत्त मदतीला येण्याआधीच सरिता म्हणाली. चारुदत्त ताटातल्या भाताकडे बघत होता. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नोव्हेंबर.

परिसंवाद शुक्रवारी होता. हॉल छोटा, माणसं वीसेक. संस्थेतले रशियन जाणणारे दोघे त्या आठवड्यात फील्डवर होते, म्हणून दुभाषी सरिताच. गालिना निळा पोशाख घालून, केस नीट बांधून आली होती. ती फार छान बोलली. कोमीत आकडे शिकवताना मुलं बोटांऐवजी मासे मोजतात, असलं काहीबाही सांगून तिनं गंभीर जर्मन माणसांना हसवलं. सरिता एकेक वाक्य उचलून जर्मनमध्ये ठेवत होती आणि तिला वाटत होतं, होईल, हेही निभावेल.

मग प्रोफेसर लेंत्सनी हात वर केला. हा प्रश्न त्या प्रत्येक पाहुण्याला विचारायच्या. "आमच्या संशोधनात भाग घेतल्यामुळे तुम्हाला काही त्रास झाला का?"

सरितानं तो रशियनमध्ये नीट विचारला. तिथपर्यंत ती प्रामाणिक होती.

गालिनानं विचार केला. "हो," ती म्हणाली. "माझं काम गेलं. जवळच्या माणसानं दगा दिला म्हणून गेलं. पण सरितोच्काला मी परत तेच सांगेन. तिनं माझं नाव राखलं."

सगळे सरिताकडे बघत होते. लेंत्सबाईंनी पेन उघडलं होतं.

"त्या म्हणतात," सरिता जर्मनमध्ये म्हणाली, "की त्या आता सेवानिवृत्त झाल्या आहेत. आणि संधी मिळाली तर पुन्हा भाग घेतील."

लेंत्सबाई समाधानानं हसल्या आणि गालिनाला मान लववली. गालिनाला वाटलं, आपलं दुःख या बाईपर्यंत पोचलं. तिनंही मान लववली, डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात सरितानं थापा पुष्कळ मारल्या होत्या, सगळेच मारतात. पण दुसऱ्याच्या तोंडातला घास काढावा तसं दुसऱ्याच्या तोंडातलं खरं तिनं कधी काढून घेतलं नव्हतं. आणि ते किती सोपं होतं. कुणाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा उडाली नाही.

शनिवारी गालिनाला गावासाठी वस्तू घ्यायच्या होत्या. सरिता तिला दुकानात घेऊन गेली. हाताला लावायची क्रीम, साबण, नातवंडांना चॉकलेट. लोकरीच्या फडताळापाशी ती बराच वेळ उभी राहिली. एक गडद निळी गुंडी तिनं उचलली, गालाला लावून बघितली.

"नीना असली लोकर शोधत होती," ती म्हणाली. मग गुंडी जागेवर ठेवून टोपली उचलली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सरिता तिथंच फडताळापुढं राहिली. आत्तापर्यंत तिनं मनाला समजावलं होतं की नुकसान झालं ते झालं. पण हे झालेलं नव्हतं. हे रोज होत होतं. उस्त-लोयात एक बाई काही न करता रोज चोर ठरत होती, आणि सरिता गप्प होती तेवढे दिवस सरिताच तिला चोर ठरवत होती. सोमवारी गालिनाचं विमान होतं.

घरी आल्यावर तिनं मुलीला आणि नवऱ्याला बाहेर पाठवलं. मनोरमाबाई आत पडल्या होत्या. गालिना स्वयंपाकघरात साबणाच्या वड्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"गालिना स्तेपानोव्हना, नीनानं काही सांगितलं नाही."

गालिनानं वर बघितलं.

"मी सांगितलं. त्या पानावर. तुमच्या नावाच्या ओळीत. मी लिहिलंय की तुमच्या स्वयंपाकघरात मला बसचं कळलं." सरिता उभी होती, बसायची तिची हिंमत झाली नाही. "ते पान तुम्ही कपाटात उघडून ठेवलंत. मुख्याध्यापकांनी वाचून घेतलं."

"माझ्या नावाच्या ओळीत," गालिना म्हणाली.

"हो. मला ऑगस्टपासून माहीत आहे."

गालिनानं साबणाची वडी खाली ठेवली. सरिता शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर फार उपकार झाले असते.

"पण त्या बाईंनी काल विचारलं," गालिना म्हणाली. "मी सांगितलं की सगळं. दगा दिला म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग त्या काही बोलल्या का नाहीत?"

"मी त्यांना सांगितलं की तुम्ही निवृत्त झालात."

गालिना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. शिकवताना न समजणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग तिची नजर सरितावरून सुटली आणि कुठंतरी लांब गेली.

"वास्या गेला," ती म्हणाली. "नीनाचा नवरा. फेब्रुवारीत. अख्खं गाव मयताला गेलं होतं. नीना माझ्या घराकडे वळून बघत होती, मला खिडकीतून दिसत होतं. मी पडदा ओढला."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आणि सरिताला तेव्हा कळलं की आपण काय केलं. आपल्या पाठीवरचं ओझं उतरवायला आपण आलो आणि ते या बाईच्या पाठीवर दिलं. शरम वाटायला हवी होती ती सरिताला, आणि चेहरा झाकून बसली होती गालिना.

"गालिना स्तेपानोव्हना, तुमची काही चूक नाही," ती म्हणाली. ते तिचं तिलाच पोकळ वाटलं.

थोड्या वेळानं गालिनानं फोन मागितला. तिच्या स्वतःच्या फोनवर ती नीनाचा नंबर काढून टाकून आली होती, पण तो तिला पाठ होता. सरितानं लावून दिला. पलीकडं कुणीतरी उचललं आणि गालिना बोलायला लागली. ती कोमीत बोलत होती. ज्या भाषेवर सरिताचं पुस्तक होतं, डॉक्टरेट होती, संस्थेतली खुर्ची होती, त्या भाषेत एक म्हातारी दुसरीची माफी मागत होती, आणि सरिताला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिचं नाव मधूनमधून येत होतं, तेवढं कळत होतं.

मग गालिनानं फोन पुढं केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

"मी ते पान वाचलं होतं," नीना रशियनमध्ये म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुस्तक आलं त्याच आठवड्यात. मी वाचनालयात बसते, माझ्याकडे शब्दकोश आहे."

"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"आधी सांगायला हवं होतं, कपाटातून काढ म्हणून. पण ती रोज त्या काचेवरची धूळ पुसायची हो. छापलेलं नाव तिच्या वाट्याला एकदाच आलं. मला वाटलं, आमच्याकडे इंग्रजी पुस्तक कोण वाचतंय. आणि शाळा गेल्यावर सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, स्वतःचं झाकायला बिचाऱ्या सरितावर ढकलतेय. तिचा तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तुम्ही तिचे आभार मानले होते ना. मी आयुष्यात कधी मानले नाहीत."

सरितानं बोलायला तोंड उघडलं. शब्दांना ती कधी कमी पडली नव्हती, तिच्या वडिलांची लेक होती ती. पण सुचलं ते सगळं आभारप्रदर्शनासारखं वाटत होतं.

"गालिनाला द्या," नीना म्हणाली.

दोघी आणखी थोडा वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर गालिना उठली, तोंड धुऊन आली आणि परत साबण गुंडाळायला बसली. आता तिच्या हालचालीत काही घाई नव्हती.

"ते पान काढता येतं?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटरवरच्या प्रतीतून काढता येतं. छापलेल्यातून नाही. त्यासाठी प्रोफेसरांना सगळं सांगावं लागेल. मी सोमवारी सांगते. काल तुम्ही काय म्हणालात तेही सांगते."

"मग माझं नाव काढ."

"काढते."

गालिनानं कागदाची कड दुमडून नीट दाबली. "आणि तुझं? तुझं पुस्तकावर तसंच राहील?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा तिच्या स्वभावातच नव्हता. पुस्तकांचं कसं असतं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"हो," सरिता म्हणाली. "ते राहील."

गालिनानं मान हलवली, जसं काही हवामानाची बातमी ऐकली, आणि पुढची वडी हातात घेतली.